धारवाडचा अर्ज : शाळेतील भेदभावाच्या तक्रारीचा इतिहास

1

जून 1856 मध्ये महार जातीच्या एका मुलाने धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. म्हणून मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. शाळा सरकारच्या खर्चाने चालते, सरकारची सर्व प्रजा सारखी आहे, आणि असे असूनही आपणास शाळेचे दार बंद आहे, एवढेच त्याचे गाऱ्हाणे होते. 21 जुलै 1856 रोजी मुंबई सरकारने त्यावर निर्णय दिला. अर्जदाराच्या बाजूने न्याय आहे हे सरकारने मान्य केले, आणि अर्ज नामंजूर केला.

आपल्या शिक्षणेतिहासात ही घटना अपरिचित नाही. अस्पृश्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी तिचा निर्देश केला आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1928 मध्ये सायमन आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात हा निर्णय उद्धृत केला होता. परंतु या घटनेकडे सामान्यतः ‘प्रवेशाच्या हक्काचा आरंभ’ या दृष्टीने पाहिले जाते. हक्क केव्हा मागितला गेला, केव्हा तत्त्वतः मान्य झाला, केव्हा कायद्यात आला, अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी त्यातून तयार होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. हक्क मान्य होणे आणि तो डावलला गेला असता सांगावयास जागा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शाळेत ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो कोणास सांगावयाचा, सांगितल्यास त्याचे मोल कोणी द्यावयाचे आणि ऐकणाऱ्यावर कोणते बंधन असावयाचे, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने मुंबई इलाख्यातील व पुढे स्वतंत्र भारतातील शालेय भेदभावाचा इतिहास पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

2

मुंबई सरकारच्या निर्णयाचा मजकूर लहान आहे, पण तो बारकाईने वाचण्याजोगा आहे. अमूर्त न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, असे त्यात प्रथम म्हटले आहे. त्यानंतर, युगानुयुगे चालत आलेल्या समजुतींत एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी तडकाफडकी हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचीच मोठी हानी होईल, अशी भीती व्यक्त केली आहे. शेवटी, अर्जदाराला ज्या अडचणीत राहावे लागते ती या सरकारने निर्माण केलेली नाही, असेही नमूद केले आहे.

या युक्तिवादाचे तीन घटक ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढील शंभर वर्षांत ते निरनिराळ्या वेषांत पुन्हा भेटतात. पहिला, तक्रार खरी आहे, पण वेळ योग्य नाही. दुसरा, एकाचे दुःख निवारावे तर बहुतांचे नुकसान होईल. तिसरा, दोष संस्थेचा नाही, समाजाचा आहे. यांपैकी कोणत्याही घटकात तक्रारदाराचे म्हणणे खोटे ठरविलेले नाही. किंबहुना ते खरे मानूनच बाजूस सारले आहे. निर्णयाच्या मजकुरात त्या मुलाचा उल्लेख ‘महार अर्जदार’ असा होतो. ज्या कारणासाठी त्याला दार बंद झाले, त्याच कारणाने तो सरकारी कागदात ओळखला जातो, यातील विसंगती त्या वेळी कोणास जाणवली असावी असे दिसत नाही.

प्रकरण मात्र मुंबईत संपले नाही. 23 जानेवारी 1857 च्या पत्रात हिंदुस्थान सरकारने, मुंबई सरकार बहुधा शहाणपणाने वागले असेल असे म्हणत असतानाच, बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, असे कळविले. पुढे लंडन येथील कंपनीच्या संचालक मंडळाने 28 एप्रिल 1858 च्या खलित्यात, सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून ढळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी मुंबई सरकारने एक प्रसिद्धिपत्रक काढले. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस भेदभावाशिवाय खुल्या राहतील, असे त्यात जाहीर झाले. परंतु ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक वर्गणीदारांचा वाटा आहे व ज्यांचा अशा प्रवेशास विरोध आहे, तेथे खालच्या मानलेल्या जातींची मुले घालण्याचा सरकारचा विचार नाही, हेही त्यातच आले. अशा शाळांची मदत रोखण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला. तो केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून वापरावयाचा, हे ठरविले नाही.

अशा रीतीने दोन वर्षांच्या आत तत्त्व निश्चित झाले. एका मुलाच्या अर्जावर धारवाड, मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशा चार ठिकाणी विचार झाला. परंतु पुढील वेळी दुसऱ्या एखाद्या गावी दुसऱ्या एखाद्या मुलाला दार बंद झाले तर त्याने कोठे जावयाचे, याचे उत्तर यांपैकी एकाही कागदात नव्हते.

3

येथे कालक्रमाने थोडे मागे जाणे आवश्यक आहे. धारवाडच्या अर्जापूर्वी एक वर्ष, म्हणजे 1855 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत, ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ताबाई या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकत होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिले ते शाळेची परवानगी मागणारे नव्हते व सरकारला उद्देशूनही नव्हते. आपल्या लोकांवर काय ओढवले आहे, याची ती साक्ष होती. धारवाडच्या मुलाचा अर्ज आणि मुक्ताबाईचा निबंध यांच्यातील भेद असा की, अर्जाला मान्य किंवा नामंजूर एवढेच उत्तर संभवते. साक्षीला नामंजूर करता येत नाही. शाळेत आल्यामुळेच ही मुलगी लिहू शकली आणि लिहू शकली म्हणूनच तिचे म्हणणे आज आपल्यापर्यंत पोचले, ही गोष्ट सहज विसरली जाते. ज्यांना शाळेत येऊच दिले गेले नाही, त्यांची साक्ष नोंदविण्याचे साधनच त्यांच्या हाती नव्हते.

1858 च्या निर्णयानंतर प्रत्यक्षात काय घडले, हे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे फुले यांनी सादर केलेल्या निवेदनावरून कळते. वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्यामुळे महार, मांग व इतर जातींची मुले व्यवहारतः सर्व शाळांतून वगळली गेली आहेत, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. अशा मुलांसाठी सरकारने वेगळ्या शाळा काढल्या आहेत, पण त्या मोठ्या शहरांतच आहेत. पुण्यात या लोकांची वस्ती 5,000 हून अधिक असूनही त्यांच्यासाठी एकच शाळा आहे व तिची हजेरी 30 मुलांहून कमी आहे, हा त्यांचा पुरावा होता. तत्त्व निश्चित होऊन चोवीस वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती होय.

हंटर आयोगाने, केवळ जातीच्या कारणावरून कोणाही मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. मात्र त्याची अंमलबजावणी योग्य सावधगिरीने व्हावी, अशी जोड दिली. ही सावधगिरी कोणाच्या संदर्भात बाळगावयाची? अर्थातच आक्षेप घेणाऱ्यांच्या. ज्याला वगळले त्याच्या संदर्भात सावधगिरीचा प्रश्न आयोगापुढे उद्भवलेला दिसत नाही.

4

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या प्रश्नाला नवे वळण लागले. कोकणात दापोली येथे सैन्यातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीतील शिक्षणामुळे त्यांना लिहितावाचता येत होते, अर्ज कसा करावा व कोणाकडे करावा हे ठाऊक होते, आणि त्यांची उपजीविका गावकीवर अवलंबून नव्हती. त्यांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले व ते नेटाने लढविले. मुलांना शाळेत घेण्यात आले खरे, परंतु त्यांना वऱ्हांड्यात बसविण्यात आले.

वऱ्हांडा ही या इतिहासातील एक महत्त्वाची जागा आहे. 1856 मध्ये प्रवेश नाकारला होता. आता तो दिला होता. दाखल्याच्या नोंदवहीत मुलाचे नाव होते, म्हणजे सरकारी आदेशाचे पालन झाले होते. पण वर्गात त्याला जागा नव्हती. ‘प्रवेश नाकारला’ ही तक्रार करता येत होती. ‘प्रवेश दिला, पण वऱ्हांड्यात’ ही तक्रार कोणत्या नियमाखाली करावयाची? आदेशाचे पालन कागदावर आणि भंग बैठकीवर, अशी ही व्यवस्था होती. भेदभाव नाहीसा झाला नव्हता. तो तक्रारीच्या कक्षेबाहेर सरकला होता.

सातारा येथे 1900 च्या सुमारास शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचा अनुभव याच प्रकारचा होता. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत दोन गोष्टी विशेष ठसठशीत आहेत. बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट आणावे लागे आणि शाळा सुटल्यावर ते परत न्यावे लागे, कारण वर्ग झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. या दोन्ही गोष्टींत कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही, कोणी शाळेबाहेर काढले नाही. कोणत्याही अहवालात लिहिण्यासारखे काहीही घडले नाही. इंग्रजीत लिहिलेल्या या आठवणी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या त्या 1990 मध्ये. म्हणजे साताऱ्याच्या शाळेतील एका मुलाचे गाऱ्हाणे छापील रूपाने लोकांपुढे येण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली, आणि तेही तो मुलगा राज्यघटनेचा शिल्पकार झाला म्हणून. त्याच काळात इतर शाळांतून गोणपाट नेणाऱ्या मुलांची गाऱ्हाणी कोठे नोंदविली गेली असतील, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा.

5

तक्रार ऐकणाऱ्यावर बंधन घालण्याचा एक ठळक प्रयत्न कोल्हापूर संस्थानात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी जानेवारी 1919 मध्ये काढलेल्या हुकमात, संस्थानच्या नोकरीत येणाऱ्या अस्पृश्यांना सर्व अधिकाऱ्यांनी ममतेने व समानतेने वागवावे, असे सांगितले. ज्याची तशी तयारी नसेल त्याने हुकूम मिळाल्यापासून सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाही, असेही त्यात होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला.

या हुकमांची तुलना 1856 च्या निर्णयाशी केली असता त्यांचे वेगळेपण लक्षात येते. मुंबई सरकारने मोल अर्जदाराकडून वसूल केले होते: त्याने थांबावे, समाज बदलण्याची वाट पाहावी. कोल्हापूरच्या हुकमाने ते अधिकाऱ्यावर टाकले: ज्याला हे जमत नसेल त्याने जावे. येथे अन्याय झालेल्याने काही सिद्ध करावयाचे नव्हते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने स्वतःची पात्रता सिद्ध करावयाची होती. मात्र एका राजाच्या इच्छाशक्तीवर उभी असलेली ही व्यवस्था होती. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले. हुकूम आणि संस्था यांत भेद असतो तो हाच.

ब्रिटिश मुलखात 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांबरोबरच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ही शिफारस होती. याच ठरावाच्या आधारे महाडच्या तळ्याचे पाणी घेण्यास लोक गेले तेव्हा, मार्च 1927 मध्ये, त्यांना मारहाण झाली, हे सर्वश्रुत आहे. ठरावाने दार उघडले होते. दारातून आत जाणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे ठरावात नव्हते.

या उणिवेचे अत्यंत स्पष्ट निदान स्टार्ट समितीच्या अहवालात सापडते. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते आणि तिचा अहवाल 1930 मध्ये सादर झाला. सार्वजनिक सोयींवरील हक्क मिळवून देण्यासाठी आपण उपाय सुचवीत असलो, तरी ते बजावण्याच्या मार्गात दीर्घकाळ अडचणी राहतील, अशी भीती समितीने व्यक्त केली. पहिली अडचण उघड हिंसेची. प्रत्येक खेड्यात अस्पृश्य अल्पसंख्य असतात. दुसरी अडचण त्यांच्या आर्थिक परावलंबनाची. कुळाकडून जमीन काढून घेणे, कामावरून दूर करणे, बलुते बंद करणे, नेहमीची वाट अडविणे, वाण्याने जिन्नस न विकणे, अशा बहिष्काराच्या साधनांची समितीने यादीच दिली आहे. चांगले कपडे घातले किंवा नवरदेवाची वरात घोड्यावरून काढली, एवढ्या कारणानेही बहिष्कार पडल्याची उदाहरणे तिला आढळली.

हा परिच्छेद शाळेसंबंधी नाही, असे कोणी म्हणेल. वस्तुतः शाळेसंबंधी याहून महत्त्वाचा परिच्छेद त्या काळात क्वचितच लिहिला गेला असेल. मुलाला वऱ्हांड्यात बसविले म्हणून बापाने मामलेदाराकडे अर्ज केला, तर उत्तर वऱ्हांड्यात मिळत नसे. ते शेतावर, वाण्याच्या दुकानात, पाणवठ्याच्या वाटेवर मिळे. तक्रारीचे मोल शाळेबाहेर वसूल होत असल्यामुळे ती शाळेच्या दफ्तरात कधी उतरतच नसे.

6

भारतीय राज्यघटनेने अनुच्छेद 17 अन्वये अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद 29 मधील दुसऱ्या खंडाने, राज्याने चालविलेल्या अथवा राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास मनाई केली. 1858 च्या प्रसिद्धिपत्रकाने सरकारी शाळा व मदत घेणाऱ्या शाळा यांत ठेवलेले अंतर येथे संपुष्टात आले. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने शिक्षणसंस्था वा वसतिगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा दखलपात्र गुन्हा ठरविला. धारवाडच्या अर्जानंतर नव्याण्णव वर्षांनी त्या अर्जदारास ‘फिर्यादी’ होता येऊ लागले.

तथापि या अधिनियमाखालील गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटविता येत होते. स्टार्ट समितीचे निदान ज्याने वाचले आहे त्याला या तरतुदीचा अर्थ सांगण्याची गरज नाही. ज्याची भाकरी गावाच्या हाती आहे त्याने तडजोड केली, तर ती तडजोड कितपत स्वेच्छेची मानावी? 1976 च्या दुरुस्तीने ही मुभा काढून टाकली, अधिनियमास ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो लोकसेवक अशा गुन्ह्याच्या तपासात बुद्धिपुरस्सर हयगय करील त्याने गुन्ह्यास अपप्रेरणा दिली असे मानले जाईल, अशी तरतूद केली. ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा आता कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यातील सहभाग ठरला.

1989 च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाने हेच सूत्र पुढे नेले, आणि 2015 च्या दुरुस्तीने लोकसेवकाची कर्तव्ये तपशिलाने सांगितली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन, सही घेण्यापूर्वी ती तक्रारदारास वाचून दाखविणे आणि तिची प्रत त्यास तत्काळ देणे, ही त्यांपैकी दोन. कायद्याच्या पुस्तकात ही कर्तव्ये क्षुल्लक वाटतात. पण ज्याने या विषयाचा इतिहास पाहिला आहे त्याला, ‘वाचून दाखवा’ व ‘प्रत द्या’ या दोन आज्ञांमागे किती न लिहिलेल्या, वेगळ्याच लिहिलेल्या व हरवलेल्या तक्रारी उभ्या आहेत, हे दिसल्यावाचून राहणार नाही.

दरम्यान शाळेतील छळाची कल्पनाही विस्तारली. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासासही मनाई केली. 2012 च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाने तर तक्रारीची दिशाच उलटविली. मुलावर असा अपराध झाल्याचे ज्यास कळेल त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळविले पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. आणि आपल्या हाताखालील माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविला तर त्याची शिक्षा सामान्य माणसाहून अधिक, म्हणजे एक वर्षापर्यंतचा कारावास, आहे. परंतु स्वतः मूल गप्प राहिले तर त्याला कोणतीही शिक्षा नाही. सांगण्याचे बंधन मोठ्यांवर, आणि न सांगण्याची मुभा मुलाला. 1856 मध्ये सारा भार एका मुलाच्या अर्जावर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीचे ऐतिहासिक महत्त्व कळते. हे संरक्षण एका विशिष्ट अपराधापुरते आहे. जातीच्या टोमण्याला, वेगळ्या पंगतीला, वर्गातील अबोल्याला ते लागू नाही. तेथे भार अजूनही बव्हंशी विद्यार्थ्यावरच आहे.

7

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला संस्थांसंबंधी आहे. शाळेतील भेदभाव रोखण्याच्या कामी तत्त्वाची घोषणा ही सर्वांत सोपी पायरी ठरली. ती 1858 मध्येच ओलांडली गेली. कठीण गेली ती पुढची पायरी, म्हणजे तक्रारीचे मोल तक्रारदाराकडून काढून संस्थेवर ठेवणे. ती ओलांडण्यास शतकाहून अधिक काळ लागला आणि अद्याप ती सर्व बाबतींत ओलांडली गेलेली नाही.

दुसरा निष्कर्ष आपणा अभ्यासकांसंबंधी आहे. ‘तक्रार’ हा शब्द अरबीतून आला; मुळात त्याचा अर्थ पुनरावृत्ती, पुनःपुन्हा सांगणे. एकदा सांगून जे ऐकले जात नाही ते पुन्हा सांगावे लागते, असा भाषेचा अनुभव त्यात साठलेला आहे. दफ्तरखान्यात बसणाऱ्या संशोधकाला एखाद्या शाळेच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांत भेदभावाची एकही तक्रार आढळत नाही, तेव्हा तेथे सलोखा होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह त्याला होतो. आज एखाद्या महाविद्यालयाचा प्रमुख आपल्याकडे अशी तक्रार कधी आलीच नाही असे समाधानाने सांगतो, तेव्हा तोही नकळत तेच अनुमान करीत असतो. पण तक्रार लिहिण्यासाठी अक्षर लागते, ती नेण्यासाठी वाट लागते, ती केल्यावर जगण्यासाठी भाकर लागते आणि ती ऐकण्यासाठी बांधील माणूस लागतो. या चारांपैकी एकाचा जरी अभाव असेल तरी कागद कोराच राहतो. म्हणून कोरा कागद हाती आला असता प्रथम विचारावयाचा प्रश्न, अन्याय झाला की नाही हा नसून, तो सांगण्याची सोय होती की नाही हा होय.

धारवाडच्या मुलाला शाळा मिळाली नाही. पण त्याने अर्ज केला म्हणून चार ठिकाणच्या सत्ताधाऱ्यांना उत्तर देणे भाग पडले आणि त्या उत्तरांवरून आज आपण त्यांना ओळखतो. ज्यांना अर्ज करता आला नाही त्यांच्या शोधास येथून आरंभ व्हावयास हवा.